मलेशियाच्या धुक्यात तात्यांची हाक

फुलपाखरं बघायला परदेशात चालले आहे, हे हिंगोलीत कुणाला सांगायची सोय नाही. आमचं चष्म्याचं दुकान आहे, आणि गप्पा मारल्याशिवाय आमच्याकडे कुणाचा नंबर निघत नाही. एका काकांनी डोळे तपासता तपासता विचारलं, "काहून, आपल्याकडं फुलपाखरं न्हाईत का?" आहेत, आणि तीही मी बघते. एकदा दुकानात विकायला म्हणून दुर्बीण आणली होती. ती कुणी घेतली नाही, मग मीच गळ्यात अडकवून फिरायला लागले. तेव्हापासूनचं हे खूळ. मलेशियातल्या दोन जागा कित्येक वर्षं डोक्यात होत्या. एक ऊन पाण्याचा झरा, जिथं पंजाएवढी काळी-हिरवी फुलपाखरं चिखलावर जमतात, आणि एक कायम धुक्यात बुडालेला डोंगर, जिथं रानातले पक्षी दारात येतात.

मैत्रिणीबरोबर मे महिन्यात जायचं ठरलं होतं. ऐनवेळी तिच्या मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं, बाळंतपण आधीच आलं, आणि तिचं यायचं रद्द झालं. खोल्यांचे पैसे भरलेले. नवरा म्हणाला, लग्नसराईत गॉगल विकले जातात, दुकान बंद ठेवायचं नाही. त्या रविवारी आम्ही साखऱ्याला, माझ्या सासरच्या गावी गेलो होतो आणि मी माझं हे रडगाणं जावेपुढे गात होते. तेव्हा चुलीपाशी बसलेल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मान वर न करता म्हणाल्या, "मी येते की संगं."

आधी सगळे हसले. पण पासपोर्ट होता. माझी नणंद मस्कतला असते, तिच्या बाळंतपणाला जायचं म्हणून तो काढला होता आणि मग जाणं झालंच नाही. पेटीतल्या नऊवारीच्या घडीखालून आत्याबाईंनी तो काढून माझ्या हातात दिला, तेव्हा कुणी हसलं नाही.

त्या का येत होत्या, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे सासरे, तात्या, गेल्या हिवाळ्यात वारले. आमचं घर मेंढरांचं. तात्यांची मेंढरांना हाक अख्ख्या शिवारात ओळखीची होती. आधी 'हुर्रर्र', मग लांबवलेलं 'येऽऽ, ये ये येऽऽ'. ती ऐकली की माळावर पांगलेला कळप माना वर करून घराकडे वळायचा. दोन दिवाळ्यांमागे माझ्या नवऱ्यानं ती हाक फोनवर रेकॉर्ड करून मस्कतच्या बहिणीला पाठवली होती. शेवटी तात्यांना खोकल्याची ढास लागते आणि तिथंच ते रेकॉर्डिंग संपतं. तात्या गेल्यावर कळप माझे थोरले दीर, दत्ता भावजी, यांच्याकडे आला. मेंढरं आपल्या हाकेला येत नाहीत, असं ते म्हणायला लागले. मग त्यांनी ते रेकॉर्डिंग एका छोट्या काळ्या स्पीकरवर घेतलं. दिवस मावळायला तो स्पीकर बाभळीच्या फांदीला टांगायचा आणि बटण दाबायचं. खोकला तेवढा कापून टाका, असं माझ्या नवऱ्यानं एकदा सुचवलं. भावजी म्हणाले, खोकल्यावाचून मेंढरं येत नाहीत.

म्हणजे दर संध्याकाळी गेलेला माणूस माळावरून हाक मारतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहा टाकून दारात बघायला गेले होते. गावाला हळूहळू सवय झाली, आत्याबाईंना झाली नाही. हाक आली की त्या हातातलं काम टाकून उठायच्या. खोकला आला की तांब्या भरायच्या, आणि भरलेला तांब्या हातात घेऊन दारात तशाच उभ्या राहायच्या. भावजींपुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, कारण अंधार पडेस्तोवर मेंढरं बाहेर राहिली तर लांडग्याचं भय. हिवाळ्यापासून त्यांचं जेवण तुटलं होतं, झोप उडाली होती, आणि डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. मलेशियात दिवस मावळला की काय ऐकू येतं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बेडूक आणि रातकिडे. त्या म्हणाल्या, मग येते.

आता वाटेचं. आम्ही हिंगोलीहून नांदेड, नांदेडहून हैदराबाद आणि तिथून थेट विमानानं क्वालालंपूर गाठलं. हिंगोलीकरांना मुंबईपेक्षा हे सोपं पडतं. मी गेले तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, पण निघण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो विसरू नका. रिंगिटचा भाव आपल्या विसेक रुपयांच्या आसपास होता. पिशवीत आत्याबाईंनी दुधात मळलेल्या दशम्या, लसणाची चटणी आणि भाजलेले शेंगदाणे घेतले होते. परदेशात खायचे हाल होतील ही त्यांची समजूत पहिल्याच सकाळी मोडली. विमानतळाबाहेरच्या तमिळ माणसाच्या टपरीवर रोटी चनाई नावाचा पापुद्र्यांचा पराठा आणि डाळ मिळाली. त्यांनी एक खाल्ला, अर्धा ठेवला. तो अर्धा ठेवलेला बघून मला काळजी वाटली, पण प्रवासाचा शीण असेल असं धरून मी पैसे द्यायला उठले.

पहिला मुक्काम गोपेंग गावाजवळ. क्वालालंपूरहून गाडीनं अडीचेक तास, चांगला रस्ता, मग शेवटचा तुकडा खड्ड्यांचा. झऱ्यापर्यंत तिथल्या वस्तीतला माणूस बरोबर घेऊनच जाता येतं, आणि ते बरोबरच आहे, कारण वाट रानातून जाते. जळवा आहेत. मोज्यांवर मीठ-तंबाखूचं पाणी शिंपडलं तर कमी चढतात, हा सल्ला माझा नाही, आत्याबाईंचा. त्यांनी मेंढरांच्या गोचिडांवरचा उपाय जळवांवर चालवला आणि तो लागू पडला.

झऱ्याशी पोचलो तेव्हा आधी मला काहीच दिसलं नाही. वाफ, गंधकाचा वास, ओली वाळू. मग वाळू हलली. त्या काळ्या वाळूवर पंख मिटून बसलेली फुलपाखरं होती, शेकड्यानं, खेटून बसलेली. एकानं पंख उघडले आणि काळ्यावर हिरवेगार दात उमटले, मानेशी लाल पट्टा. सगळे नर असतात म्हणे, आणि पाण्यातलं मीठ प्यायला येतात. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि मला आनंदाऐवजी कसंतरीच झालं. एवढ्या गर्दीला आवाजच नव्हता. जवळाबाजारच्या आठवडी बाजाराएवढी दाटी आणि तोंडातून एक शब्द नाही, असं ते होतं. बरोबरचा माणूससुद्धा तिथं कुजबुजूनच बोलत होता.

आत्याबाई दगडावर बसल्या. घामेजलेला हात त्यांनी मांडीवर उपडा ठेवला होता, त्यावर एक येऊन बसलं. मग दुसरं. थोड्या वेळानं मनगटापासून बोटांपर्यंत हात दिसेनासा झाला. मी कॅमेरा लावला, पण मला बटण दाबवेना. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या कुठंच बघत नव्हत्या. मी हाक मारली तेव्हा त्या म्हणाल्या, "वरडू नको. हितं कोणी कोणाला हाक मारून न्हाई राहिलं. बरं वाटायलं." इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडून बरं वाटतंय असं ऐकलं, म्हणून मी दुपार होईपर्यंत उठले नाही.

तिथून फ्रेझर्स हिल, तो धुक्यातला डोंगर. इकडे बस वगैरे काही नाही, टॅक्सी ठरवूनच जावं लागतं. डोंगराच्या पोटातून वळणं घेत रस्ता वर चढतो आणि एका वळणानंतर धुकं सुरू होतं ते थेट उतरेपर्यंत सोबत असतं. वर इंग्रजांच्या काळातले दगडी बंगले आहेत. काहींत पाहुणे उतरतात, काहींत फक्त नेचे उगवले आहेत. आम्ही उतरलो त्या बंगल्याची देखभाल सेल्वी नावाची तमिळ बाई करते. तिला मराठी येत नाही, आत्याबाईंना तमिळ येत नाही, पण संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून लसूण सोलला होता. थंडी बऱ्यापैकी पडते, शाल न्या.

पक्षी दाखवायला हमीद नावाचा मलय माणूस ठरवला होता. मितभाषी, पन्नाशीचा, मोडकं इंग्रजी बोलणारा. त्याचं मी मराठीत करायचं आणि आत्याबाईंचं इंग्रजीत, अशी आमची वरात. पहिल्याच दुपारी दरीतून कुऱ्हाडीचे घाव घातल्यासारखा आवाज यायला लागला. ठोक, ठोक, मग भराभर, आणि शेवटी कुणीतरी वेड लागल्यासारखं खदाखदा हसलं. मी हमीदचा दंडच धरला. तो म्हणाला, धनेश आहे, शिरस्त्राणवाला, फार दुर्मिळ. गोष्ट काय ते सांगायला तो का कू करत होता. मग सांगितली. एका जावयानं सासूला कंटाळून तिच्या घराचे खांब कुऱ्हाडीनं तोडले आणि घर पडल्यावर तो हसला, म्हणून देवानं त्याचा हा पक्षी केला. मी भाषांतर जरा जपूनच केलं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, सुनेचा कोणता पक्षी झाला ते विचार. हमीदला हे कळल्यावर तो रस्त्यात थांबून हसला. त्या पण हसल्या. तात्यांनंतर पहिल्यांदाच.

त्याच संध्याकाळी मी अंघोळीला गेले होते. गिझरचं पाणी पडत होतं. ते बंद केलं आणि मला तात्यांचा आवाज आला. 'हुर्रर्र. येऽऽ, ये ये येऽऽ.' मग खोकला. मी टॉवेल गुंडाळून तशीच न्हाणीत उभी राहिले. बाहेर येऊन बघते तर आत्याबाई व्हरांड्यात खुर्चीवर, मांडीवर त्यांचा फोन, समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नाही. नणंदेनं ते रेकॉर्डिंग त्यांनाही कधी पाठवलेलं होतं. त्यांनी ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा. ज्या आवाजापासून पळून आल्या तो आवाज त्या स्वतःच लावत होत्या. मी विचारलं, काहून लावता? त्या म्हणाल्या, "टाइम झाला. आला न्हाई तर जीव घाबरून राहिला माझा." दुसऱ्या हातात त्यांनी पाण्याची बाटली धरली होती.

मला राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. भावजींचा असेल, त्या काळ्या डब्याचा असेल. मी त्यांच्या हातातून फोन घेतला नाही. शेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्वी झाडू मारत होती. बंगल्याच्या दिव्यांवर रात्रभर पतंग येतात, पहाटे रानातले पक्षी येऊन भिंतीवरचे पतंग वेचून खातात आणि पंख तेवढे खाली टाकतात. त्या पंखांचं सेल्वीनं सूप भरलं होतं. करडे, पिवळे, डोळ्यांची नक्षी असलेले. ते ती रोज सकाळी दरीत फेकते. पक्षीप्रेमी लोकांनी त्या तासाला व्हरांडा सोडू नये. रुपेरी कानांचे, लांब शेपटीचे, तांबड्या टोपीचे, सगळे हातभर अंतरावर येतात. मी फोटो काढून दमले.

हमीद आम्हाला एका पायवाटेनं आत घेऊन गेला. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला नवरंग येतो ना, त्याच्या नात्यातला एक पक्षी इथं असतो. तो जमिनीवर उड्या मारत हिंडतो आणि माणसाला कधी दिसत नाही. त्याला बोलवायला हमीदनं पिशवीतून स्पीकर काढला. छोटा, काळा, निळा दिवा असलेला. आत्याबाई एकदम मागे सरकल्या. हमीदनं तो पानांत ठेवला आणि त्या पक्ष्याची शीळ वाजवली. एकदा. थांबला. पुन्हा एकदा.

पक्षी आला. कुठून आला ते दिसलं नाही. तपकिरी, निळसर पाठीचा, गुडघ्याच्याही खाली. स्पीकरच्या भोवती त्यानं फेरी मारली, पान उलटलं, मागे गेला, पुढे आला, मान वाकडी करून ऐकलं. माझ्या बुटावरून उडी मारून गेला, इतका तो शोधात होता. मी कॅमेऱ्यामागे खूश. माझ्या पाठीमागून आत्याबाईंचा आवाज आला, "त्ये कोणाला हुडकून राहिलं?"

मी सांगितलं, त्याला वाटतंय की दुसरा पक्षी आलाय.

"कुठंय दुसरा?"

"कुणी नाही, आत्याबाई. नुसता आवाज आहे."

हमीदनं लगेच स्पीकर बंद केला होता. तो सांगत होता की दोनदापेक्षा जास्त तो कधी वाजवत नाही, आणि घरट्याच्या दिवसांत तर घाबरतोच. काही लोक फोटोसाठी तासभर लावून ठेवतात. मग पक्षी खाणंपिणं सोडून नसलेल्याला शोधत राहतो आणि मागे अंडी गार पडतात. मी त्याचं एक एक वाक्य मराठीत सांगत गेले आणि अर्ध्यात माझं मलाच कळलं की मी कुणाला काय सांगते आहे. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हमीदला विचारायला लावलं, की बंद केल्यावर तो शोधायचा थांबतो का. हमीद म्हणाला, लगेच नाही, पण थांबतो. त्या संध्याकाळी त्यांनी फोनवर ती हाक लावली, मात्र एकदाच.

तिसऱ्या सकाळी जाग आली तर त्यांचा पलंग रिकामा. शाल नव्हती, चपला नव्हत्या. बाहेर इतकं धुकं होतं की व्हरांड्याची पायरीसुद्धा दिसत नव्हती. हिरवळीच्या टोकाला दरीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. सेल्वीनं पहिल्याच दिवशी हातवारे करून, तुटक इंग्रजीत बजावलं होतं की तिकडे जायचं नाही, खालचा जुना बंगला ढासळला तेव्हा पायऱ्याही गेल्या, वळणानंतर एकदम खोल दरी आहे. आत्याबाई त्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या होत्या. एक पाय खालच्या पायरीवर, हातात पाण्याची बाटली.

मी हाक मारणार तेवढ्यात खालून हाक आली.

'हुर्रर्र. येऽऽ, ये ये येऽऽ.'

फोन खोलीत चार्जिंगला होता. मी येताना माझ्या डोळ्यांनी तो बघितला होता. पक्षी गप्प, सगळं रान गप्प. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला, आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. रानातल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे मलाही लहानपणापासून ठाऊक आहे. जिवंत माणूस पुन्हा हाक मारतो.

पुन्हा आली. जवळून आली. तीच लांबण, 'ये'वर आवाज चढवायची तीच रीत. मला घाम फुटला होता आणि त्या हिमासारख्या गार. त्यांचा खालचा पाय तिथंच होता, आणि त्यांचं सगळं वजन त्या पायावर जात चाललं होतं हे मला दंडात कळत होतं. तिसरी हाक आली. त्या ऐकत राहिल्या. हाक संपल्यावरही ऐकत राहिल्या, श्वास धरून, पुढचं काहीतरी यायचं आहे अशा. काही आलं नाही. धुक्यात पाणी टपकत होतं.

"खोकला न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "ह्ये ते न्हाईत."

त्यांनी पाय वर घेतला. मी त्यांना जवळजवळ ओढतच व्हरांड्यात आणलं आणि मग मला रडू फुटलं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. सेल्वीनं चहा दिला. अर्धा कप प्यायल्यावर त्या सावकाश म्हणाल्या, "आपल्या डब्यातलेबी ते न्हाईत. डब्याला खोकला हाय, येवढंच."

हमीद आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्यानं सांगितलं की इथं कोतवाल पक्ष्याची एक जात आहे, शेपटीला दोन लांब तारा असलेली, आणि ती ऐकलेल्या आवाजांची नक्कल करते. दोन संध्याकाळी व्हरांड्यात रेकॉर्डिंग वाजलं होतं, तेव्हा तोच असणार. मला हायसं वाटलं. मग मी विचारलं, एवढ्या लवकर शिकतो? तो म्हणाला, असं कधी ऐकलेलं नाही. तो स्वतः पायऱ्यांवरून वळणापर्यंत बघायला गेला आणि लगेच वर आला. पक्षी दिसला का, म्हटलं तर म्हणाला, आज आपण दुसऱ्या वाटेनं जाऊ. दिवसभर त्यानं तो विषय काढला नाही, आणि स्पीकरही पिशवीतून काढला नाही.

परतीचा प्रवास सरळ झाला. विमानात आत्याबाईंनी स्वतःचं जेवण संपवून माझ्यातला भात घेतला.

साखऱ्याला पोचलो त्या दिवशी सगळे अंगणात जमले होते. फोटो बघून झाले. उन्हं कलली तशी दत्ता भावजींनी खुंटीवरचा स्पीकर काढला आणि माळाकडे निघाले. आत्याबाई उठून त्यांच्या मागे गेल्या, त्यांच्या मागे मी आणि माझा नवरा. बाभळीखाली त्यांनी लेकाला सांगितलं, आज ते वाजवू नको. भावजी म्हणाले, मेंढरं येणार नाहीत. त्या म्हणाल्या, नाही आली तर आपण जाऊ आणायला.

भावजींच्या हातात स्पीकर, अंगठा बटणावर. ते आईकडे बघेनात. दिवस बुडाला. माझा जीव टांगणीला लागला होता, लांडग्यापेक्षा आत्याबाईंच्या हट्टाचं काय होईल म्हणून. तेवढ्यात माळाच्या चढावर धूळ दिसली. म्हातारी काळी मेंढी पुढे, मागे सगळा कळप, घंटा वाजवत, रोजच्या वाटेनं, कुणी न बोलावता. आमच्या शेजारून निघून ती सगळी काटेरी कुंपणाच्या वाडग्यात शिरली.

माझा नवरा आश्चर्यानं काहीतरी म्हणाला. भावजींना आश्चर्य वाटलेलं नव्हतं. आत्याबाई मेंढरांकडे बघतच नव्हत्या, त्या लेकाकडे बघत होत्या.

"दत्ता, तुला ठाव व्हतं."

भावजी बांधावर बसले. पन्नाशीचा माणूस, तात्यांच्या मातीलाही ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "मेंढरं पयल्या महिन्यापसून आपसूक येऊन राहिली, माय," ते म्हणाले. "माझ्याच्यानंच बंद व्हईना ते. खोकला काढून टाक म्हने ह्यो. कसा काढू?"

आणि ते रडायला लागले. आत्याबाई त्यांच्याजवळ बसल्या. रोज ती हाक ऐकून त्या तांब्या भरत होत्या, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा लेकाला सांगितलं. लेकासाठी माय गप्प होती आणि लेक मेंढरांच्या नावावर स्वतःचं दुःख चालवत होता. मधे बिचारी मेंढरं. आम्ही दोघं वाडग्याचं दार लावायला गेलो, ते मुद्दामच हळू लावलं.

मलेशियाला जायचं की नाही, असं मला दुकानात आता बरेच जण विचारतात. जा. फुलपाखरांसाठी जा, त्या झऱ्यासारखं मी कुठं बघितलं नाही. पक्षी बोलवायला फोनवर आवाज मात्र वाजवू नका, वाट बघा, दिसायचा तो दिसतो. त्या पायऱ्यांखाली कोण होतं ते मला माहीत नाही. चांगल्या उजेडात, दुकानात बसून विचार केला की कोतवालच वाटतो. फोटोंत तो एकातही नाही, मी दोनदा सगळे तपासले.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा साखऱ्याला होतो. दिवस मावळायला माळावरून हाक आली, 'हुर्रर्र, येऽऽ', आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, इतका आवाज तात्यांचा. जरा घोगरा, जरा चुकतमाकत. अंगणात आत्याबाई डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, ऐकलं. "दत्ता आला," म्हणाल्या, आणि डाळ निवडत राहिल्या.